सवलत देणारा एक, प्रवेश देणारा दुसरा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा झाला. या निमित्ताने वैद्यकीय शिक्षणाविषयी मुलांशी आणि पालकांशी कोणीतरी बोलावे असे विश्वस्त मंडळाने ठरविले आणि ती जबाबदारी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकावर सोपविली, याबद्दल मी ऋणी आहे. मी डॉक्टर नाही. जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ मी जीवशास्त्र शिकविले आणि त्यांतील बरीच वर्षे जून-जुलै महिन्यांत अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर बसलो. त्यामुळे डॉक्टर कसे व्हावे हे सांगण्याचा अधिकार मला नसला, तरी त्या वाटेवर मुले कोठे अडखळतात हे मी जवळून पाहिले आहे. एका मुलीच्या अडखळण्यात तर माझाही हात आहे. तेही आज सांगणार आहे.

प्रारंभ मात्र दूरच्या उदाहरणाने करतो. ते आपल्या घरापर्यंत कसे येऊन पोहोचते हे पुढे आपोआप स्पष्ट होईल.

माझ्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव गेली अनेक वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक आहेत. त्यांची कन्या, म्हणजे नात्याने माझी नातच, लहानपणापासून डॉक्टर होण्याचे मनात धरून आहे. तिकडे शाळेत असतानाच महाविद्यालयीन दर्जाचे काही विषय शिकता येतात. त्या योजनेला ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ किंवा थोडक्यात ‘ए.पी.’ म्हणतात. ‘कॉलेज बोर्ड’ नावाची संस्था १९५५ पासून ही योजना चालविते. दरवर्षी मे महिन्यात परीक्षा होतात आणि १ ते ५ असे गुणांक मिळतात. ५ हा सर्वोच्च. नातीने जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत ५ मिळविले. घरात पेढे वाटले गेले. पुतण्याने मला दूरध्वनीवरून सांगितले, “काका, तिचे कॉलेजचे पहिले वर्ष जवळजवळ शाळेतच झाले म्हणा.”

त्याच्या बोलण्यात असत्य काही नव्हते. तिकडे पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक मिळवावे लागतात. ए.पी. परीक्षेत चांगला गुणांक मिळाला, तर अनेक विद्यापीठे त्या विषयाचे काही श्रेयांक प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करतात. परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, आणि त्यामुळे वाचणारे विद्यापीठाचे शुल्क त्याच्या अनेक पट. आपल्यासारख्या व्यापारी समाजातील माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही! नातीनेही तो मांडला. पहिल्या वर्षाचे सामान्य रसायनशास्त्र तिने वगळले आणि थेट सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली.

अडचण तिसऱ्या वर्षी समोर आली. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, त्याच सुमारास ‘एमकॅट’ ही प्रवेश परीक्षा, आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा तेथील क्रम आहे. पदवी कोणत्याही विषयाची चालते. परंतु बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये काही पूर्वावश्यक विषय सांगतात. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय साधारणतः एकेक वर्ष, प्रयोगशाळेतील कामासह. शिवाय अनेक ठिकाणी जीवरसायनशास्त्र, इंग्रजी, गणित किंवा संख्याशास्त्र. नातीने आपल्या मनातील महाविद्यालयांचे नियम पाहिले, तेव्हा तिला तीन प्रकार आढळले. काही महाविद्यालये ए.पी.चे श्रेयांक मान्य करीत होती. अट इतकीच, की ते विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर विषयाच्या नावासह नोंदलेले असावेत. काही म्हणत होती, श्रेयांक खुशाल घ्या, पण त्याच विषयाचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आमच्यासाठी विद्यापीठात पूर्ण करा. आणि काहींचे म्हणणे असे, की पूर्वावश्यक विषय विद्यापीठातच शिकलेला हवा. शाळेतील परीक्षेचा गुणांक कितीही असो, तो येथे उपयोगाचा नाही.

नातीचे सुदैव असे, की वेळ अजून हातात होता. एका उन्हाळ्याची सुट्टी खर्ची घालून आणि पुढील सत्रात प्रयोगशाळेसह वरचे दोन अभ्यासक्रम घेऊन तिने ही उणीव भरून काढली. परंतु त्या दिवसांत ती दूरध्वनीवर मला जे म्हणाली ते माझ्या मनात घर करून राहिले. ती म्हणाली, “आजोबा, मला कोणी खोटे सांगितले नाही. युनिव्हर्सिटी म्हणाली क्रेडिट देतो, आणि तिने दिले. पण मला जायचे होते मेडिकल स्कूलला. त्यांना मी विचारलेच नव्हते.”

बंधू-भगिनींनो, आज मला सांगावयाचे ते या एका वाक्यात आले आहे. सवलत देणारा एक असतो आणि प्रवेश देणारा दुसरा. पहिल्याने दिलेली सवलत दुसऱ्यावर बंधनकारक नसते. या दोघांतला फरक ज्याच्या वेळीच लक्षात येतो त्याची वर्षे वाचतात. ज्याच्या येत नाही त्याची वाया जातात.

कोणी म्हणेल, मुलीने ५ पैकी ५ मिळविले, तरी ही महाविद्यालये अडून का बसतात? त्यांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. ए.पी.चा श्रेयांक विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर येतो तो केवळ नोंद म्हणून. त्यासमोर श्रेणी नसते आणि सरासरीतही तो धरला जात नाही. अर्जांची छाननी करणाऱ्या समितीला हे पाहावयाचे असते, की विद्यापीठाच्या वेगाने, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत या विद्यार्थ्याने मूलभूत शास्त्र कसे पेलले. विषयच वगळला असेल तर पाहणार काय?

या आग्रहामागे इतिहासही आहे. आपल्या महाराष्ट्राच्या कन्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती की प्रयोगशाळेतील रसायनशास्त्राची गुणपत्रिका नव्हती. होती ती तळमळ आणि ती व्यक्त करणारे अर्जाचे पत्र. त्या काळी बहुतेक ठिकाणी वैद्यकीय शिक्षणाला पूर्वावश्यक विषयांची आजच्यासारखी यादीच नव्हती. आनंदीबाईंच्या बाबतीत त्या मोकळीकीचे सोने झाले; परंतु त्याच मोकळीकीमुळे तेथे अर्धशिक्षित डॉक्टरही तयार होत होते. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि त्याने पदवीधरांनाच प्रवेश देण्याचा दंडक घातला. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांचा पाया आधी पक्का असला पाहिजे हे सूत्र त्या अहवालाने रूढ केले. रुग्णाच्या जिवाशी ज्याला खेळता येत नाही अशा व्यवसायाची ती सावधगिरी आहे.

आता आपण म्हणाल, गुरुजी, अमेरिकेची कथा रंजक आहे. पण आमचा मुलगा राहतो दारव्ह्याला, मुलगी शिकते वणीला. त्यांना ए.पी.शी काय कर्तव्य? म्हणून आता आपल्या अंगणात येतो.

आपल्याकडे पूर्वावश्यक विषयांचा प्रश्न बारावीच्या आत सुटतो किंवा बिघडतो. मागच्या पिढीला मॅट्रिकनंतर महाविद्यालयात दोन वर्षे काढून, सायन्सच्या ‘बी ग्रुप’च्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली आणि मग अकरावी-बारावी हाच वैद्यकाचा उंबरठा ठरला. प्रारंभी बारावीचे गुण पाहत. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली. २०१३ मध्ये ‘नीट’ आली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द झाली, २०१६ मध्ये पुन्हा आली आणि २०१७ पासून राज्यातील एम.बी.बी.एस.चे सर्व प्रवेश तिच्यावर होऊ लागले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांवर एक प्रश्नपत्रिका असे. आपल्या जिल्ह्यातील किती तरी मुलांनी ती दिली. नीट आल्यावर ती परीक्षाही बंद झाली. नियम हे असे बदलत असतात. थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्याला लागू असेलच असे नाही.

आजचा नियम थोडक्यात असा आहे. नीट परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण; त्यांपैकी निम्मे म्हणजे ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. परंतु नीटचे गुण पुरेसे नाहीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय असले पाहिजेत. म्हणजे ७२० पैकी कितीही मिळवा. बारावीच्या गुणपत्रिकेवर जीवशास्त्र नसेल तर दार बंद.

येथेच आपल्याकडील ‘सवलत’ पुढे उभी राहते. आपल्या राज्य मंडळाने विज्ञान शाखेला द्विलक्ष्यी विषयांची सोय दिली. आपण त्यांना ‘बायफोकल’ म्हणतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा विषय घेतला, की दुसरी भाषा व एक शास्त्र विषय सोडता येतो. अभियांत्रिकीकडे जाणारी मुले अर्थातच जीवशास्त्र सोडतात. मंडळाच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नाही. विद्यार्थी विज्ञान शाखेतून सन्मानाने उत्तीर्ण होतो. परंतु मंडळ प्रवेश देत नाही. ते अधिकार दुसऱ्यांचे!

आता ती गोष्ट सांगतो.

२०१६ सालचा जुलै. प्रवेशाची रांग वऱ्हांड्याबाहेर गेली होती. आपल्याच समाजातील एक मुलगी वडील आणि आजीसोबत आली. दहावीचे गुण उत्तम. अर्जावर गणित व इलेक्ट्रॉनिक्स लिहिलेले होते. मी सहज विचारले, “जीवशास्त्र नको?” मुलगी काही बोलली नाही. आजी म्हणाल्या, “नको हो गुरुजी, तिथे बेडूक कापावा लागतो. आमच्या घरात हे चालायचे नाही.”

सभागृहातील ज्येष्ठ भगिनी मान हलवीत आहेत, कारण हे वाक्य आपल्या अनेक घरांत उच्चारले गेले आहे. एके काळी ते खरेही होते. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला बेडकाच्या विच्छेदनाचा तास ही मोठी कसोटी वाटे आणि तेवढ्यासाठी जीवशास्त्र सोडणारी मुले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. पण २०१६ साली ते खरे राहिले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत बेडकाचे विच्छेदन बंद होऊन काही वर्षे झाली होती. तक्ते आणि प्रतिकृती आल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांतून प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याची भूमिका घेतली होती. वैद्यकीय शिक्षणातही जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांची जागा संगणकाने घेतली होती. हे सर्व मला ठाऊक होते. सांगावयाला दोन मिनिटे पुरली असती. पण मागे रांग होती, ऊन मी म्हणत होते, आणि आजींशी वाद कशाला घालावा असा विचार मी केला. अर्जावर सही केली आणि पुढचा अर्ज ओढला.

दुसऱ्या वर्षी मुलीच्या वडिलांना मूत्रपिंडाचा विकार झाला. बारावीचे वर्ष तिने रुग्णालयाच्या फेऱ्यांत काढले. त्या फेऱ्यांतच तिच्या मनाने घेतले, की आपण डॉक्टर व्हावयाचे. २०१८ च्या निकालानंतर ती माझ्याकडे आली. गणित-विज्ञानात उत्कृष्ट गुण. विचारू लागली, “सर, आता फक्त जीवशास्त्राचा पेपर देता येईल ना?” मंडळाचा पेपर देता आला असता. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या त्या वेळच्या नियमांत दोन वर्षांचे नियमित अध्ययन अपेक्षित होते आणि अतिरिक्त विषय म्हणून घेतलेले जीवशास्त्र ग्राह्य धरले जाणार नाही, असे त्याच वर्षी स्पष्ट केले गेले होते. त्याविरुद्ध न्यायालयांत वाद सुरू होते. कोणी म्हणे, परीक्षा देता येईल. कोणी म्हणे, प्रवेशाच्या वेळी अडवतील. घरात आजारपण, उत्पन्न बेताचे. अनिश्चित निकालावर दोन वर्षे पणाला लावण्याची तिची परिस्थिती नव्हती. तिने संगणकशास्त्राची पदवी घेतली. आज ती पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे आणि वडिलांच्या उपचाराचा भार तीच वाहते.

ती तक्रार करीत नाही. परंतु मागे पर्युषणानंतर क्षमापनेसाठी ती घरी आली, तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले आणि त्या जुलैतील दोन मिनिटांची क्षमा मागितली. तिने एवढेच म्हटले, “सर, तुम्ही आता टेबलावर बसत नाही. पण सांगत राहा.” आज तेच करतो आहे.

या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि तो आशादायक आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा नियम शिथिल केला. बारावी झाल्यानंतरही मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आता नीटसाठी पात्र धरले जाते. वयाची कमाल मर्यादाही २०२२ मध्ये काढली गेली. म्हणजे आज कोणी तिच्या जागी असेल तर त्याला वाट आहे. मात्र दार पुन्हा उघडले म्हणून ते आधी सोडून द्यावे असे होत नाही. सुटलेला विषय नंतर एकट्याने शिकणे फार जड जाते. आणि नीटचे निम्मे गुण त्याच विषयाचे असतात, हे मी नुकतेच सांगितले.

तिसरे उदाहरण परदेशातील एम.बी.बी.एस.चे. येथे खासगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून आपल्या विदर्भातील मुले रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपाईन्स अशा देशांत जातात. त्यात कमीपणा काही नाही. परंतु तेथेही तेच सूत्र लागू आहे. प्रवेश तेथील विद्यापीठ देते. भारतात व्यवसाय करण्याची अनुज्ञा येथील आयोग देतो. २०१८ पासून परदेशी शिकावयास जातानाही नीट पात्रता आवश्यक झाली. आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातील व संपूर्ण शिक्षण एकाच परदेशी संस्थेतील असावा लागतो. शिवाय १२ महिन्यांची आंतरवासिता तेथे, पुन्हा १२ महिने येथे, आणि त्या देशात स्वतः व्यवसाय करण्यास पात्र ठरणारी पदवी, या अटी आहेत. फिलिपाईन्समध्ये आधी ‘बी.एस.’ हा पूर्ववैद्यकीय अभ्यासक्रम आणि नंतर चार वर्षांचे एम.डी. अशी रचना आहे. आधीची बी.एस.ची वर्षे वैद्यकीय शिक्षणात मोजली जातील असा अनेक पालकांचा समज होता. आयोगाने ती मोजण्यास नकार दिला आणि एम.डी.ची चार वर्षे, म्हणजे ४८ महिने, ५४ च्या अटीत बसेनात. न्यू जर्सीतील नात, यवतमाळची मुलगी आणि मनिलाला गेलेला मुलगा. तिघांच्याही खात्यावर काहीतरी जमा होते. ते खाते ज्याने पाहावयाचे त्याने ते मान्य केले नाही, एवढेच.

आता एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि शिक्षक या नात्याने तो मला टाळता येत नाही. समजा, सवलत सर्वांनी मान्य केली. तर ती घ्यावी का? माझे उत्तर असे, की ज्या विषयावर पुढची इमारत उभी राहणार आहे तो विषय वगळण्याची घाई करू नये. माझी नात थेट सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात बसली खरी, पण पहिले सत्र तिला फार जड गेले. शाळेत तिने उत्तरे अचूक लिहिली होती. परंतु सहाध्यायांनी वर्षभर प्रयोगशाळेत द्रावणे बनवून, मोजमापे चुकवून आणि सुधारून हाताला जे वळण लावले होते ते तिच्याजवळ नव्हते. आपल्याकडेही बारावीच्या जीवशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. शिकवणीसाठी लातूर, नांदेड, नागपूरला गेलेली आणि कनिष्ठ महाविद्यालयात केवळ नाव असलेली किती तरी मुले प्रात्यक्षिकाच्या वहीवर शेवटच्या आठवड्यात सह्या घेतात. गुण मिळतात. पण कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पेशी दिसली, तो क्षण हुकला तो हुकलाच. पुढे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी ऊतींच्या काचपट्ट्या समोर येतात, तेव्हा तो मुलगा पाठांतराकडे वळतो.

सवलतींचा मी विरोधक नाही. ज्याचा पाया खरोखर पक्का आहे त्याने वाचलेला वेळ वरच्या अभ्यासात घालावा, ए.पी.चा मूळ हेतूही तोच आहे. ‘प्लेसमेंट’ या शब्दाचा अर्थच मुळी पुढच्या पायरीवर नेऊन उभे करणे असा आहे. पुढच्या पायरीवर चढण्यासाठी घेतलेली सवलत फळते. नुसती पायरी चुकविण्यासाठी घेतलेली सवलत पुढे कोठेतरी वसूल होते.

समारोपापूर्वी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांनी वही काढावी.

पहिली, विषय निवडण्यापूर्वी शेवटच्या दाराचा नियम वाचावा. डॉक्टर व्हावयाचे असेल तर नीटची माहिती पुस्तिका आणि राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची पुस्तिका, त्या-त्या वर्षीची, मूळातून वाचावी. शिकवणी वर्गाचे पत्रक म्हणजे नियम नव्हे. आणि माझ्यासारख्या शिक्षकाचे तोंडी बोलणे म्हणजेही नियम नव्हे.

दुसरी, मनात थोडीही शंका असेल तर दहावीनंतर जीवशास्त्र सोडू नये. गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. ओझे वाढते, पण दोन दारे उघडी राहतात. बेडकाची भीती तर आता सर्वस्वी सोडून द्यावी. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकतात ते मानवी देहावर, आणि तो देह अनेकदा कोणीतरी मृत्यूनंतर स्वेच्छेने दान केलेला असतो. त्याला दानाचेच मोल आहे.

तिसरी, ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी ही गोष्ट त्यांना अवश्य कळवावी. ए.पी.चे श्रेयांक स्वीकारण्यापूर्वी ज्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे जावयाचे आहे त्यांचे धोरण प्रत्येकाचे वेगळे पाहावे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची माहितीसूची यासाठी उपलब्ध आहे. श्रेयांक घेतलाच, तर त्याच विषयाचा वरचा, प्रयोगशाळेसह असलेला अभ्यासक्रम घ्यावा. आणि तिकडील मुलाला भारतात एम.बी.बी.एस. करावयाचे असेल, तर नीट द्यावीच लागते. अनिवासी भारतीयांच्या जागांनाही ती चुकत नाही. शिवाय तिकडील बारावी येथील बारावीशी समकक्ष असल्याचे भारतीय विश्वविद्यालय संघाचे प्रमाणपत्र लागते आणि तीत हेच शास्त्र विषय व इंग्रजी असावे लागतात. ए.पी.चे पाच गुणांक नीटची जागा घेत नाहीत.

चौथी, परदेशी वैद्यकीय प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी दलालाला एकच प्रश्न विचारू नये, की प्रवेश मिळेल का. तो मिळेलच! प्रश्न असा विचारावा, की ५४ महिने कोठे लिहिले आहेत ते दाखवा. आणि त्या देशात ही पदवी घेऊन व्यवसाय करता येतो हे कोणत्या कागदावर आहे तेही दाखवा.

पाचवी गोष्ट ट्रस्टसाठी आहे. यवतमाळला १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भातील जागांत विदर्भाच्या मुलांना मिळणारे सत्तर टक्क्यांचे प्रादेशिक संरक्षण २०२० मध्ये संपले. आज लातूर-मुंबईच्या मुलांशी आपल्या मुलांची थेट स्पर्धा आहे. अशा वेळी शिष्यवृत्तीइतकेच मोल योग्य वेळी मिळालेल्या माहितीला आहे. माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे, की दरवर्षी दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचे अर्ज भरेपर्यंतच्या दिवसांत समाजाच्या सभागृहात एक टेबल मांडावे. तेथे एक डॉक्टर, एक शिक्षक आणि त्या वर्षीची माहिती पुस्तिका असावी. मागे रांग नसावी. येणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि विशेषतः त्याच्या आजीला, पुरेसा वेळ मिळावा. समाजातील असो वा शेजारच्या वस्तीतील, कोणाचेही मूल तेथे यावे. त्या टेबलावर बसावयाला मी जूनच्या पहिल्या दिवसापासून तयार आहे.